टेबलासाठी लागणारं टेबल

टेबल हवं होतं मुलीला. करवत साडूची होती. आणि ॲल्युमिनियम ही कल्पना माझी. ह्या तिन्ही गोष्टी आपापल्या जागी राहिल्या असत्या तर आमच्या घरात कोणालाच काही त्रास झाला नसता. हे मी आज शांतपणे सांगू शकतो, कारण आता पायाच्या अंगठ्याला नवीन नख आलं आहे.

मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे कागद पलंगावरच्या चादरीएवढे. ते ती जेवणाच्या टेबलावर पसरायची, आणि जेवायची वेळ झाली की अख्खं वाचनालय गुंडाळून कपाटावर ठेवायची. वाचनालय म्हणजे तिचा शेवटचा प्रकल्प. एकदा त्या वाचनालयाच्या दारातच माझ्या चहाच्या कपाचं गोल वर्तुळ उमटलं. "इथे कारंजं दाखव," असं मी सुचवलं. सूचना चांगली होती असं माझं आजही मत आहे, पण ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

"मला फक्त एक मोठं टेबल हवंय, बाबा," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "सपाट. आणि न डुगडुगणारं. सबमिशनच्या आधी. नाहीतर हे वर्ष गेलंच म्हणून समज."

"दुकानातून आणूया," बायको म्हणाली.

"आणायचं कशाला? आपण करूया," मी म्हणालो.

हे 'आपण' माझ्या तोंडून निघालं की बायको डोळे मिटते. प्रार्थना करते असं मला पूर्वी वाटायचं.

खरं तर ह्याचं मूळ साडूच्या घरी होतं. साडूने मध्यंतरी बूट ठेवायचा रॅक स्वतःच्या हाताने केला. त्या रॅकवर बूट मावतात त्याहून जास्त त्याचे फोटो आमच्या फोनवर आले: समोरून, बाजूने, बुटांसकट, बुटांशिवाय. रॅक झाल्यावर त्याने आपली गोल पात्याची करवत आमच्याकडे पाठवून दिली. "माझं काम झालं. तुम्ही वापरा. जमेल तुम्हाला," असं म्हणाला. 'जमेल तुम्हाला' हे तीन प्रकारे म्हणता येतं. त्याने तिसऱ्या प्रकारे म्हटलं.

आता ही करवत म्हणजे हातात धरून चालवायची वस्तू नव्हे. ती टेबलाच्या मधोमध एका भोकात बसते, पातं वर डोकावतं आणि लाकूड त्यावरून सरकवायचं. थोडक्यात, टेबल करायला आधी एक टेबल लागतं. हे मला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं. बरं, हे पहिलं टेबल लाकडाचं करावं तर लाकूड कापायला करवत हवी, आणि करवत चालवायला टेबल हवं. ह्या गोलातून बाहेर पडायची वाट मला एका व्हिडिओत सापडली. त्यात एक दाढीवाला गृहस्थ ॲल्युमिनियमच्या लांब, चौकोनी, चारी बाजूंनी खाचा असलेल्या दांड्या एकमेकींना नट-बोल्टने जोडत होता. कापणं नाही, रंधा नाही, भुसा नाही. गाणं गुणगुणत त्याने कामाचा बाक, म्हणजे असंच करवतीखालचं टेबल, पुरा केला. त्याचा पाना एकदाही सोफ्याखाली गेला नाही, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

ॲल्युमिनियमच्या दुकानात ह्या दांड्यांना प्रोफाइल म्हणतात. काउंटरवरचा माणूस फोनकडे बघत म्हणाला, "कापून देऊ?"

"नको," मी म्हणालो. "आमच्याकडे करवत आहे."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा फोनकडे पाहिलं.

न कापलेल्या दांड्या लिफ्टमध्ये मावत नाहीत. मी त्या खांद्यावर घेऊन जिन्याने निघालो. आमच्या इमारतीचा जिना प्रत्येक मजल्यावर वळतो, आणि त्या वळणावर दांडीचं मागचं टोक नेमकं कोणाच्या तरी घंटीवर टेकतं. मी पुढे चालत राहिलो आणि मागे एकेक दार उघडत गेलं. अशा रीतीने, कोणालाही न सांगता, माझा प्रकल्प सबंध इमारतीला कळला.

त्यातलं एक दार सोसायटीच्या सेक्रेटरींचं होतं, आणि एक शेजारच्या अर्धा-मिलीमीटरांचं.

अर्धा-मिलीमीटर हे त्यांचं खरं नाव नाही, पण इमारतीत दुसरं नाव कोणी वापरत नाही. निवृत्त होईपर्यंत ते एका कारखान्यात मापं तपासत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्टीलची पट्टी असते. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी भिंतीवरची तसबीर डावीकडे उतरती आहे असं सांगितलं होतं. आम्ही ती सरळ केली, तेव्हा ते म्हणाले, आता उजवीकडे.

त्यांनी दांड्यांच्या मागच्या टोकाला हात दिला आणि वर येता येता विचारलं, "हे कशासाठी?"

"बाक करायचाय. करवतीसाठी."

"हं. म्हणजे काटकोन सांभाळायला हवा. अर्धा मिलीमीटर जरी चुकला ना, तरी करवत तुम्हाला माफ करणार नाही."

करवतीची माफी मागायची वेळ येईल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

दांड्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या कापायच्या आहेत. आणि कापायची तर करवत हवी, करवतीला बाक हवा. मी पुन्हा त्याच गोलात, फक्त आता दांड्यांसकट. बायकोने ताटं हॉलमध्ये नेली आणि आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवायला लागलो.

मी दुकानात परत गेलो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "कापून देऊ. ड्रॉइंग आणा. तोंडी माप आम्ही घेत नाही."

घरात ड्रॉइंग काढणारं माणूस एकच. मुलीने आपलं वाचनालय बाजूला ठेवलं, जमिनीवर पालथी पडून माझ्या बाकाचं ड्रॉइंग काढलं. जेवणाच्या टेबलावर तर दांड्या होत्या. टेबल नसल्यामुळे टेबल करण्यासाठी लागणाऱ्या टेबलाचं चित्र ती फरशीवर काढत होती. मी ते तिला बोलून दाखवलं नाही. तिची पाठ दुखत होती आणि मूड बरा नव्हता.

"बाबा, ह्यातलं एकही माप बदलू नकोस," ड्रॉइंग देताना ती म्हणाली. "मी सगळं धरलंय."

मी बदलणार नव्हतोच. पण जिन्यात अर्धा-मिलीमीटर भेटले.

त्यांनी ड्रॉइंग हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारला आणि पट्टी काढली. "मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "पण दांडीची जाडी धरायला विसरली. नवशिके विसरतात." आणि त्यांनी जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून मधल्या चौकटीची मापं पेन्सिलने वाढवली. इतक्या सुंदर अक्षरात, की मला मूळ आकडेच चुकीचे वाटू लागले. वर जाऊन मुलीला विचारावं असं मनात आलं होतं. पण तिला आधीच उशीर होत होता. कशाला त्रास, असं मी ठरवलं. माझे बहुतेक निर्णय असेच परोपकारी असतात.

दांड्या कापून मिळाल्या, वरची प्लायवूडची फळीही त्याच मापांनी भोकासकट करून घेतली. आता सगळं लिफ्टमध्ये मावत होतं. लिफ्ट मात्र बंद होती.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. सेक्रेटरी हळू बोलतात आणि प्रत्येक वाक्य इतिवृत्तात जाणार असल्यासारखं संपवतात. "राहत्या घरात यंत्र बसवायला परवानगी नाही," ते म्हणाले. "फर्निचरला हरकत नाही. आपलं नेमकं काय आहे, तेवढं कमिटीला लिहून द्या."

"मिक्सर यंत्र नाही का? वॉशिंग मशीन?"

"ती आणताना कोणी घराघराच्या घंट्या वाजवल्या नव्हत्या."

इथे शहाण्या माणसाने 'टेबल' असा एक शब्द लिहून दिला असता. मी बसून दोन पानी अर्ज लिहिला. त्यात 'गृह-कार्यशाळा' हा शब्द होता, 'स्वावलंबन' होतं, आणि 'यंत्र' तर प्रत्येक परिच्छेदात होतं. अर्ज वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. कमिटीने उत्तर पाठवलं की कमिटी प्रत्यक्ष पाहणी करेल, आणि यंत्र आढळल्यास ते सांगाड्यासह ताबडतोब हलवावं लागेल.

मी जोडणीला लागलो.

ह्या दांड्यांचा एक स्वभाव आहे, तो दाढीवाल्याने सांगितला नव्हता. बोल्ट ज्यात बसतो तो नट खाचेत टोकाकडून सरकवावा लागतो. दोन्ही टोकं दुसऱ्या दांड्यांनी बंद झाली की मग कितीही आर्जव करा, आत नट जात नाही. म्हणजे पुढे काय काय जोडायचं आहे हे आधीच ठाऊक हवं. आणि पुढचं आधीच ठाऊक असलेला माणूस मुळात ह्या फंदात पडेल का?

मी चौकट पुरी केली. अर्धा-मिलीमीटरांनी ती हलवून पाहिली. "खाली एक आडवा दांडा हवा," म्हणाले. "नाहीतर डुगडुगेल."

डुगडुगेल म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. मुलीला न डुगडुगणारं हवं होतं. नट आत नव्हते. मी कोपरा उघडला, नट सरकवले, कोपरा बंद केला. त्यांनी पुन्हा हलवलं. "मागच्या बाजूलाही." मी दुसरा कोपरा उघडला. मग तिसरा. एकदा तर सबंध बाक उभा होता आणि ते म्हणाले, "चाकं लावलीत तर सोयीचं होईल." मी तो अख्खा उलटा करून पायांत नट घातले. हे ऐकून सेक्रेटरींनी जिन्यातच कळवलं की चाकं असलेली वस्तू फर्निचर धरायची की नाही ह्यावर कमिटीत दुमत आहे. मी चाकं काढली. नट तसेच आत राहिले.

त्यावरून मी धडा घेतला. पिशवी भरून नट आणले, सगळे कोपरे एकदाच उघडले आणि प्रत्येक दांडीच्या प्रत्येक खाचेत, लागोत न लागोत, मूठभर सरकवून ठेवले. आता कोणी काहीही सुचवो. बाक जरा हलवला की आत सगळे नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावत.

"काय वाजतंय हे?" बायकोने विचारलं.

"पुढची सोय."

"चालताना धक्का लागला तरी वाजते तुमची सोय. डोकं उठलंय माझं."

सगळं झाल्यावर, चहा पिता पिता, अर्धा-मिलीमीटर म्हणाले, "तसे नंतर वरूनही बसवता येणारे नट मिळतात. खाचेत टाकून फिरवले की अडकतात."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरं बिस्कीट घेतलं.

करवत बसवायचा दिवस उजाडला. मी स्वच्छ शर्ट घातला. साडूला पाठवायला फोटो हवा म्हणून बायकोच्या हातात फोन दिला. अर्धा-मिलीमीटर पाहुणे म्हणून हजर होते. करवत उचलून मी ती मधल्या चौकटीत अलगद सोडली. ती चौकटीच्या कडांवर टेकायला हवी होती. ती टेकली नाही. ती तशीच खाली गेली, शांतपणे, जणू तिला खालीच जायचं होतं, आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर थांबली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मुलगी आवाज ऐकून आली, वाकून चौकटीकडे पाहिलं, मग ड्रॉइंग उचललं आणि पेन्सिलीचे आकडे वाचले.

"दांडीची जाडी मी धरली होती, बाबा. ही कोणीतरी पुन्हा धरलीय."

अर्धा-मिलीमीटरांनी पट्टी काढली, मापलं, पट्टी खिशात ठेवली. अर्धा मिलीमीटर सोडाच, चांगला दोन-तीन बोटांचा फरक होता. "घरी गॅसवर दूध आहे," असं म्हणून ते गेले. बायकोने अंगठ्याला बर्फ लावला. फोटो तिने काढला होता, पण तो मी साडूला पाठवला नाही.

मी दोन दिवस पाय वर करून पडून होतो. बाक हॉलमध्ये उभा होता, मधोमध भोक घेऊन, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. सबमिशन तोंडावर आलं होतं. मुलीने मागितलं होतं एक टेबल; मी तिचे कितीतरी दिवस खाल्ले आणि तिला एक भोक दिलं. मला मनापासून वाईट वाटलं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी मी लंगडत बाहेर आलो तर मुलगी बाकाशी उभी राहून काम करत होती. तिने जुन्या कपाटाच्या दाराची काच त्या भोकावर ठेवली होती आणि खाली, जिथे करवत असायला हवी होती तिथे, अभ्यासाचा दिवा ठेवला होता. काच खालून उजळली होती. खालच्या मजल्याचा कागद काचेवर, त्यावर वरच्या मजल्याचा; खालच्या भिंती वरच्या कागदातून स्पष्ट दिसत होत्या आणि ती त्यावरून सरळ रेघा मारत होती.

"कॉलेजात असं एकच टेबल आहे," ती मान वर न करता म्हणाली. "नंबर लावावा लागतो. भोक बारीक असतं तर एवढी काच उजळली नसती." आणि मग, "बाबा, आता ह्याला हात लावू नकोस."

"सबमिशननंतर चौकट दुरुस्त करून करवत..."

"बाबा."

बायकोने करवत खोक्यात घालून पलंगाखाली सरकवली. माझ्या मनात मात्र अजून बाक तो बाकच होता. सध्या टेबलाच्या कामावर होता एवढंच.

आणि त्याच आठवड्यात कमिटी पाहणीला आली. कमिटी म्हणजे सेक्रेटरी, आणि तांत्रिक सभासद म्हणून अर्धा-मिलीमीटर.

मी भाषण तयार ठेवलं होतं. त्यात स्वावलंबन पुन्हा होतं. सेक्रेटरींनी माझा अर्ज उघडला आणि म्हणाले, "आपण लिहिलंय, 'गृह-कार्यशाळेतील मुख्य यंत्र'. ते हेच का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात माझं लक्ष मुलीकडे गेलं. तिची पेन्सिल थांबली होती. तिने वर पाहिलं नव्हतं, पण दोन्ही तळवे कागदावर असे ठेवले होते, की कोणी टेबल उचलायला आलं तर आधी तिला उचलावं लागलं असतं. कागदावर वाचनालयाचा जिना अर्धा झाला होता.

"नाही," मी म्हणालो. "हे टेबल आहे. मुलीचं."

"मग अर्जात यंत्र?"

"चुकून लिहिलं."

"प्रत्येक परिच्छेदात?"

"मला तशी सवय आहे."

सेक्रेटरींनी वाकून पाहिलं. "मध्ये भोक कशाला?"

"दिव्यासाठी."

"मुद्दाम ठेवलंय?"

मी अर्धा-मिलीमीटरांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. मग खिशातली पट्टी काढली, भोकाची एक बाजू मापली, दुसरी मापली आणि गंभीरपणे म्हणाले, "अगदी मापात आहे. मी स्वतः तपासलं होतं."

सेक्रेटरींनी लिहायला टेबलावर कोपर टेकलं. आत सगळे नट खळखळत एका टोकाला गेले. ते दचकले. "आत काय आहे?"

"नट. जास्तीचे."

"कशाला?"

"पुढेमागे लागतील म्हणून."

ह्यावर त्यांना नियम सापडला नसावा. त्यांनी 'फर्निचर' असं लिहून खाली सही केली, आणि जाता जाता टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "चांगलं आहे हो. कुठल्या दुकानातून आणलंत?"

माझा सगळा स्वाभिमान घशाशी आला. पण आत्ताच मी ते यंत्र नाही असं सांगितलं होतं; आता आणखी काय सांगणार? तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "दुकानातून नाही. ह्यांनी केलंय."

ती लगेच आत गेली. नंतर मी तिला हे पुन्हा म्हणायला लावायचा बराच प्रयत्न केला, पण ती दाद देत नाही.

वाचनालय वेळेत गेलं. करवत साडूला परत पाठवली. "जमलं का?" त्याने विचारलं. "जमलं," मी म्हणालो. हे खरंच होतं, म्हणून फार बोललो नाही.

पुढे मुलीला दुसऱ्या गावात नोकरी लागली. टेबलाची काच आणि फळी तिनेच काढली, सांगाडा तसाच चादरीत बांधला आणि सामानाच्या गाडीत घातला. गाडी वळेपर्यंत आतले नट वाजत होते. हॉल मोठा झाला. आता चालताना कशाचा धक्का लागत नाही, आणि बायको तरीही त्या जागेला वळसा घालून जाते. मीही घालतो. घर भयंकर शांत झालं आहे आणि मला ते अजिबात आवडत नाही.

परवा तिचा फोन आला.

"बाबा, टेबलावर वरून दिवा टांगायला एक दांडा लावायचाय. पण आता नट सरकवायला अख्खा कोपरा उघडावा लागेल ना? सगळे कागद वर पसरलेत."

"उघडू नकोस," मी म्हणालो. "एका बाजूने थोडं उचल."

पलीकडे ती बहुधा कागद सांभाळत वाकली. मग फोनमधून तो आवाज आला, सगळे नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावल्याचा. आणि तिचं हसू.

"बाबा! मी विसरलेच होते. किती घालून ठेवलेस?"

"लागतील तेवढे."

बायको शेजारी येऊन उभी राहिली होती. हात पुसत तिने माझ्याकडून फोन घेतला, कानाला लावला आणि म्हणाली, "अगं, परत एकदा हलव बघू."